सागरी ट्राउटची पाकक्रिया : घरगुती पद्धती आणि त्यांमागील तत्त्वे

उत्तर युरोपच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात आणि तेथील नद्यांच्या मुखांशी मिळणारा सागरी ट्राउट हा मासा त्या प्रदेशातील उत्तम खाद्यमत्स्यांपैकी एक गणला जातो. वेल्समध्ये त्यास ‘सेविन’ असे नाव असून टवी व टेइवी ह्या नद्यांवर ‘कॉरॅकल’ नावाच्या टोपलीवजा होड्यांतून, दोन होड्यांमध्ये जाळे धरून, तो पकडण्याची जुनी रीत आहे. स्कॉटलंड, आयर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन व फिनलंड ह्या देशांतही गळाने वा जाळ्याने मिळालेला हा मासा घरी आणून शिजविण्याची परंपरा आहे. प्रत्येक प्रदेशाची रीत वेगळी: कोठे तो मंद पाण्यात शिजवितात, कोठे तव्यावर भाजतात, कोठे धुरावतात, तर कोठे नुसत्या मिठासाखरेत मुरवितात. ह्या रीती वरकरणी परस्परांहून भिन्न दिसल्या तरी त्या सर्वांपुढे प्रश्न एकच असतो आणि त्या प्रश्नाचे स्वरूप समजले म्हणजे प्रत्येक रीतीचे गुणदोष ठरविता येतात. हा प्रश्न कोणता व निरनिराळ्या रीती तो कसा सोडवितात, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम माशाविषयी थोडेसे. सागरी ट्राउट ही प्राणिशास्त्रदृष्ट्या स्वतंत्र जाती नव्हे. लिनीअसने १७५८ साली ट्राउटच्या निरनिराळ्या रूपांस निरनिराळी नावे दिली होती; परंतु नदीतच आयुष्य काढणारा तपकिरी ट्राउट आणि समुद्रात जाऊन वाढणारा रुपेरी ट्राउट ही आज ‘साल्मो ट्रुटा’ ह्या एकाच जातीची दोन रूपे मानली जातात. नदीत जन्मलेली काही पिले एक ते तीन-चार वर्षांची झाल्यावर वसंतऋतूत अंगावर चंदेरी झाक धारण करून समुद्राकडे जातात, तेथे लहान मासे व कवचधारी जीव खाऊन झपाट्याने वाढतात आणि अंडी घालण्याकरिता पुन्हा नदीत येतात. भारतीय वाचकांस हा मासा अगदीच परका नाही. १९०० साली स्कॉटलंडहून अंडी आणून काश्मीरच्या प्रवाहांत जो तपकिरी ट्राउट वाढविण्यात आला, तो ह्याच जातीचा. मात्र त्याला समुद्राची वाट नाही. पुढे जी तत्त्वे सांगितली आहेत त्यांपैकी पुष्कळशी त्यालाही लागू पडतात. जी समुद्रवासामुळे उद्भवतात तेवढी नाहीत.

मांसाची घडण

जमिनीवरील प्राण्याचे मांस आणि माशाचे मांस ह्यांत पाकशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मोठा भेद संयोजी ऊतकांचा आहे. सस्तन प्राण्यांच्या मांसातील प्रथिनांपैकी सुमारे १७ टक्के भाग संयोजी ऊतकांचा, म्हणजे मुख्यतः कोलॅजेनचा असतो. अस्थिमत्स्यांत हे प्रमाण सुमारे ३ टक्केच असते. पाण्यात माशाच्या शरीराचा भार पाणीच तोलून धरते, त्यामुळे त्याला बळकट बांधणीची गरज पडत नाही. त्याचे स्नायू आखूड तंतूंच्या पापुद्र्यांनी बनलेले असतात व दोन पापुद्र्यांमध्ये कोलॅजेनचा पातळ पडदा असतो. शिवाय थंड पाण्यातील माशाचे कोलॅजेन जनावराच्या कोलॅजेनपेक्षा पुष्कळच कमी उष्णतामानाला आकसते व विरघळू लागते. शिजलेल्या माशाचे पापुद्रे बोटाच्या दाबाने सुटे होतात, ते ह्यामुळेच.

ह्यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मटण दीर्घकाळ शिजविण्याचे प्रयोजन कोलॅजेनचे जिलेटिन करणे हे असते. माशाच्या बाबतीत हे प्रयोजनच उरत नाही. त्याला मऊ करावयाचे नसते. तो मुळातच मऊ असतो. अधिक शिजविल्याने तो अधिक मऊ होत नाही, उलट कोरडा व चिवट होतो.

स्नायुतंतूंतील दोन प्रमुख प्रथिने म्हणजे मायोसिन व ॲक्टिन. थंड पाण्यातील माशाचे मायोसिन सुमारे ४० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आपली मूळ घडण सोडते. तेव्हा काचेसारखे अर्धपारदर्शक मांस अपारदर्शक व घट्ट होते. ॲक्टिन त्यामानाने टिकाऊ असून ते सुमारे ६५ अंशांच्या पुढे बदलते आणि त्याबरोबर तंतू जोराने आकसून आतील पाणी बाहेर पिळले जाते. ह्या पिळलेल्या पाण्याबरोबर जी विद्राव्य प्रथिने बाहेर येतात ती पृष्ठभागावर गोठून पांढरा साका दिसू लागतो. माशाच्या तुकडीवर असा साका भरपूर दिसला तर तिचा बाहेरचा भाग तरी मर्यादेपलीकडे तापला आहे असे समजावे.

सागरी ट्राउटचा गुलाबी-केशरी रंग ॲस्टाझँथिन ह्या रंगद्रव्याचा असतो. हे द्रव्य माशाला स्वतः निर्माण करता येत नाही; कवचधारी जीवांच्या आहारातून ते त्याला मिळते. शिजताना रंग फिकट दिसतो, परंतु रंगद्रव्य नाहीसे झालेले नसते. गोठलेली प्रथिने प्रकाश विखुरतात आणि त्या पांढरेपणाखाली रंग झाकला जातो. यास्तव रंग किती फिकटला ह्यावरून मासा शिजल्याचा अंदाज जरूर बांधता येतो, परंतु तो अंदाज मायोसिनच्या बदलापुरताच खरा असतो. मांस अपारदर्शक झाले एवढ्यावरून ते ५० अंशांवर आहे की ६० अंशांवर हे डोळ्यांना सांगता येत नाही.

पकडल्यापासून पातेल्यापर्यंत

‘ताजा मासा’ हा शब्दप्रयोग जितका सोपा वाटतो तितका तो नाही. माशाचा प्राण गेल्यावर स्नायूंतील एटीपी हे ऊर्जाद्रव्य हळूहळू संपते व ते संपताच स्नायू ताठर होतात. हा मरणोत्तर ताठरपणा किती वेळाने येतो हे माशाची धडपड व उष्णतामान ह्यांवर अवलंबून असते. गळाला लागून फार झगडलेला आणि उन्हात पडलेला मासा लवकर ताठ होतो; चटकन मारून बर्फात ठेवलेला मासा सावकाश ताठ होतो व त्या स्थितीत बराच काळ राहतो. ताठरपणा येण्यापूर्वीच माशाच्या तुकड्या काढल्या तर हाडाचा आधार सुटलेले स्नायू मुक्तपणे आकसतात. तशी तुकडी तव्यावर टाकताच वळते व आखूड होते. ताठर झालेला मासा बळाने सरळ केल्यास पापुद्र्यांमधील नाजूक पडदे फाटून मांसाला भेगा पडतात. म्हणून ज्यास तुकड्या करावयाच्या आहेत त्याने मासा बर्फात ठेवून ताठरपणा ओसरू देणे श्रेयस्कर. हाडासह अखंड शिजवावयाचा असेल तर ही अडचण तेवढी भासत नाही.

चवीच्या दृष्टीनेही थोडे थांबणे लाभदायक ठरते. एटीपीचे विघटन होत असताना इनोसिनिक आम्ल निर्माण होते आणि माशाच्या रुचकर, मांसल चवीत त्याचा मोठा वाटा असतो. पुढे त्याचेही विघटन होऊन अखेर कडवट हायपोझँथिन उरते. ह्या क्रमातील घटकांच्या प्रमाणावरून माशाचा ताजेपणा मोजण्याची पद्धती जपानी संशोधकांनी १९५९ साली मांडली व ती आजही वापरात आहे. ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की, नीट बर्फात ठेवलेला मासा पकडल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी चवीला उतरतो असे नव्हे. बहुधा तो अधिक चांगला लागतो.

परंतु हे थांबणे बर्फात असावे. थंड पाण्यातील माशांवरचे जीवाणू आणि त्यांच्या शरीरातील विकरे कमी उष्णतामानात कार्य करण्यास सरावलेली असतात. त्यामुळे नुसत्या शीतकपाटाच्या ४-५ अंशांनी त्यांचे कार्य पुरेसे मंदावत नाही. मासा मिळताच डोक्यावर घाव घालून त्यास मारावे, कल्ल्यांलगतची रक्तवाहिनी कापून रक्त वाहू द्यावे, आतडी काढून पोट स्वच्छ करावे, कण्याखाली असलेली काळपट रक्ताची पट्टी खरवडून काढावी आणि मासा वितळत्या बर्फात ठेवावा. आतडी त्वरित काढण्याचे कारण दुहेरी आहे: पाचक विकरे पोटाकडील मांस मऊ करू लागतात; आणि पुढे ज्यांचा विचार केला आहे त्या कृमींपैकी पुष्कळसे उदरपोकळीतच असतात.

माशाचा हंगामही लक्षात घ्यावा लागतो. उन्हाळ्याच्या आरंभी समुद्रातून नुकताच आलेला मासा स्निग्धांशाने समृद्ध असतो. नदीत शिरल्यावर तो फारसे खात नाही. साठविलेली चरबी प्रवासात व गाबोळी तयार होण्यात खर्च होते. अंडी घालून झालेला मासा कृश, फिकट मांसाचा व पाणचट असतो. सॅमनच्या पॅसिफिक जातींप्रमाणे तो मरत नाही, समुद्रात परत जाऊन पुन्हा पुष्ट होतो. म्हणून अशा माशास सोडून देणे हे चवीच्या व संततीच्या अशा दोन्ही दृष्टींनी युक्त ठरते. पुष्ट मासा कोरडी आच व धूर सहन करतो; कमी चरबीच्या माशास पाणी, वाफ अथवा लोण्याचा आधार लागतो.

दोन मर्यादा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. केवळ चवीचा विचार केला तर ५० अंशांच्या आसपास मध्यभाग तापलेला ट्राउट सर्वांत रसाळ असतो. परंतु रानटी स्थितीत समुद्रात वाढलेल्या माशात ‘अनिसाकिस’ नावाच्या गोलकृमीच्या अळ्या असण्याचा संभव असतो. सागरी सस्तन प्राण्यांच्या जठरात वाढणाऱ्या ह्या कृमीची अंडी पाण्यात पडतात, अळ्या कवचधारी जीवांच्या द्वारे माशांत शिरतात. आणि असा मासा कच्चा किंवा अर्धकच्चा खाणाऱ्या मनुष्याच्या जठराच्या वा आतड्याच्या भिंतीत घुसून तीव्र वेदना उत्पन्न करतात. मनुष्यातील ह्या विकाराचे कारण नेदरलँड्समध्ये सौम्य खारविलेले हेरिंग मासे खाणाऱ्या रुग्णांच्या अभ्यासातून १९६० साली उघड झाले आणि पुढे १९६८ साली त्या देशात असे मासे आधी गोठविणे कायद्याने आवश्यक ठरले. अळ्या मारण्यास मध्यभागाचे उष्णतामान किमान एक मिनिटभर ६० अंश असावे लागते. अमेरिकेतील आरोग्यविषयक मार्गदर्शनात ६३ अंशांची मर्यादा सांगितली जाते.

अशा रीतीने खालची मर्यादा कृमींनी घालून दिली आहे: ६० अंश. वरची मर्यादा ॲक्टिनने घालून दिली आहे: सुमारे ६५ अंश. ताजा, न गोठविलेला सागरी ट्राउट शिजविणे म्हणजे माशाच्या सर्वांत जाड भागाचा मध्य ह्या पाच अंशांच्या पट्ट्यात आणून तेथे थांबणे. सर्व घरगुती पद्धती ह्या एकाच कामाची निरनिराळी साधने आहेत.

मासा आधी गोठविल्यास खालची मर्यादा शिथिल होते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार संपूर्ण मासा उणे २० अंशांवर किमान २४ तास ठेवावा लागतो. अमेरिकन नियम ह्याच उष्णतामानास सात दिवस सांगतात. घरगुती शीतपेटी सावकाश गोठविते व तिचे उष्णतामान अनेकदा उणे १८ अंशांच्या आसपास असते. म्हणून घरी सात दिवसांहून कमी काळावर विसंबू नये. उपाहारगृहांत मधोमध अर्धपारदर्शक असलेली तुकडी वाढण्याची जी प्रथा आहे, ती गोठवून घेतलेल्या माशासंबंधी समर्थनीय ठरते. सकाळी पकडलेल्या माशाला ती लावणे धोक्याचे आहे. ‘इतका ताजा आहे की कच्चाच खावा’ हे सागरी ट्राउटविषयीचे बोलणे ह्या अर्थाने उलटे आहे: ताजेपणा जीवाणूंपासून संरक्षण देतो, कृमींपासून नाही.

पाण्यात शिजविणे

पाण्यात शिजविण्याचा मोठा गुण म्हणजे माध्यमाचे उष्णतामान निश्चित ठेवता येते. उकळते पाणी १०० अंशांचे असते; परंतु खळखळणाऱ्या पाण्यात माशाचे पापुद्रे सुटतात व बाहेरचा भाग वाया जातो. यास्तव पाणी ८० अंशांच्या आसपास, म्हणजे तळाशी बुडबुडे दिसतात पण पृष्ठभाग हलत नाही अशा स्थितीत ठेवतात. पाण्यात मीठ, कांदा, गाजर, मिरी, तमालपत्र व थोडे शिर्के किंवा पांढरी द्राक्षमदिरा घालून त्याचे सार आधी अर्धा तास उकळून घेण्याची फ्रेंच रीत प्रसिद्ध आहे. त्यातील आम्ल निरर्थक नाही. माशाचा ‘वास’ पुष्कळ अंशी ट्रायमिथिलअमाइन ह्या वायुरूप अल्कधर्मी पदार्थाचा असतो. आम्लाशी संयोग होताच त्याचे न उडणारे लवण बनते. कोकणात माशाला आमसूल वा चिंच लावतात, तीतही हेच रसायन कार्य करते.

किती वेळ शिजवावे ह्याविषयी कॅनडाच्या मत्स्यविभागाच्या नावाने एक सोपा नियम पाकपुस्तकांतून रूढ झाला आहे: जाडीच्या दर इंचास दहा मिनिटे. हा नियम पदार्थविज्ञानाच्या कसोटीवर तपासून पाहण्याजोगा आहे. माशाच्या मांसाची उष्णता-विसरणशीलता दर सेकंदास सुमारे ०.१४ चौरस मिलिमीटर असते. १० अंशांवरची २.५ सेंटिमीटर जाडीची सपाट तुकडी ८० अंशांच्या पाण्यात दोन्ही बाजूंनी तापू दिली, तर तिचा मध्यभाग ६० अंशांस पोहोचण्यास गणिताप्रमाणे सुमारे सव्वाअकरा मिनिटे लागतात. येथपर्यंत नियम बराचसा खरा ठरतो. परंतु वहनाने उष्णता आत जाण्यास लागणारा काळ जाडीच्या प्रमाणात नव्हे, तर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, ५ सेंटिमीटर, झाली की काळ चौपट, म्हणजे सुमारे ४५ मिनिटे होतो. नियम मात्र २० मिनिटेच सांगतो. अखंड मासा गोलसर असल्याने त्यास चोहोंकडून उष्णता मिळते व तो त्याच जाडीच्या सपाट तुकडीपेक्षा लवकर शिजतो. तथापि मोठ्या माशाला हा नियम लावल्यास कण्यालगतचे मांस कच्चे राहण्याचा संभव उरतोच. पातळ तुकड्यांस हा नियम उपयोगी आहे. जाड माशास उष्णतामापकाची सुई हाच खरा आधार.

ह्याच गणितात दुसरा एक धडा आहे. मध्यभाग ६० अंशांस पोहोचेपर्यंत पृष्ठभाग पाण्याइतका, म्हणजे ८० अंशांच्या जवळ, गेलेला असतो. मासा जितका जाड, तितका बाहेरचा थर अधिक काळ वरच्या मर्यादेपलीकडे राहतो. म्हणून दीड-दोन किलोच्या अखंड माशाकरिता इंग्रजी घरांतून वेगळी रीत चालत आली आहे. मासा थंड पाण्यात ठेवून पाणी सावकाश तापवितात, उकळी दिसू लागताच आच बंद करतात आणि झाकण ठेवून मासा त्याच पाण्यात निवू देतात. पाणी व मासा बरोबरच तापत असल्यामुळे आतल्या-बाहेरच्या उष्णतामानातील अंतर कमी राहते आणि आच बंद केल्यावर बाहेरची उष्णता आत जात राहते. ही रीत थंड वाढावयाच्या माशास विशेष योग्य होय. तिचा दोष एवढाच की, ती पातेल्याच्या आकारावर फार अवलंबून असते. पाणी अधिक घेतल्यास त्यात साठलेली उष्णताही अधिक व मासा जास्त शिजतो. पाणी फारच कमी घेतल्यास ते लवकर निवते व मध्यभाग ६० अंशांपर्यंत जात नाही. म्हणून पहिल्या खेपेस तरी जाड भागात, कण्यालगत, सुई घालून खात्री करून घ्यावी.

लहान ट्राउट शिर्कायुक्त पाण्यात शिजवून निळा करण्याचीही एक फ्रेंच रीत आहे. ती निळाई त्वचेवरील चिकट स्रावावर अवलंबून असते. मासा घासून धुतला किंवा शिळा झाला की निळाई येत नाही, म्हणून ही रीत ताजेपणाची परीक्षाच ठरते.

तवा, भट्टी आणि विस्तव

तव्यावर भाजण्यात प्रश्न उलट असतो. तपकिरी, खमंग पापुद्रा साखर व अमिनो आम्लांच्या संयोगाने बनतो आणि त्यास १२० अंशांहून बरेच अधिक उष्णतामान लागते. कातडीवर पाणी असेपर्यंत तिचे उष्णतामान १०० अंशांवर जात नाही. म्हणून तुकडी फडक्याने टिपून अगदी कोरडी करणे ही ह्या पद्धतीतील पहिली अट. कातडीची बाजू खाली ठेवून, पहिले अर्धे मिनिट उलथन्याने दाबून धरावी म्हणजे ती आकसून वळत नाही. एकूण वेळेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वेळ कातडीच्याच बाजूने भाजावी. कातडीखालील चरबीचा थर मांसाला प्रखर आचेपासून वाचवितो. उलटल्यावर केवळ थोडा वेळ पुरे. स्कॉटलंडात ओटचे भरड पीठ लावून मासा तळण्याची व वेल्समध्ये ट्राउटभोवती डुकराच्या खारविलेल्या मांसाच्या पट्ट्या गुंडाळून भाजण्याची रीत आहे. दोहोंचे कार्य एकच, प्रखर आच व नाजूक मांस ह्यांच्यामध्ये आवरण घालणे.

तुकडी शिजविण्यापूर्वी दहा मिनिटे मिठाच्या १० टक्के द्रावणात, म्हणजे लिटरभर पाण्यात सुमारे १०० ग्रॅम मीठ घालून, बुडवून ठेवल्यास पृष्ठभागावरील प्रथिने अंशतः विरघळून पाणी धरून ठेवतात आणि पांढरा साका पुष्कळ कमी होतो. बाहेर काढल्यावर तुकडी पुन्हा कोरडी करण्यास विसरू नये.

भट्टीत भाजताना हवा हे माध्यम असते. हवा पाण्याच्या मानाने उष्णता फार सावकाश पोहोचविते. त्यामुळे १२० अंशांच्या मंद भट्टीतही तुकडीचा पृष्ठभाग लगेच करपत नाही. मोठ्या तुकड्यांस ही मंद भट्टी उत्तम. तेल लावलेल्या कागदात लोणी, लिंबू व शेपूसह मासा गुंडाळून भट्टीत ठेवल्यास तो स्वतःच्याच वाफेत शिजतो. कमी चरबीच्या माशास ही पद्धत विशेष मानवते. फिनलंडमधील ‘लोइमुलोही’ ह्या रीतीत माशाची मोठी तुकडी फळीवर खिळवून उघड्या विस्तवाच्या बाजूस तिरपी उभी करतात. येथे उष्णता प्रामुख्याने प्रारणाने येते व फळी विस्तवापासून दूर किंवा जवळ सरकवून तिचे नियमन होते. ही रीत सॅमनकरिता प्रसिद्ध असली तरी मोठ्या सागरी ट्राउटलाही ती तितकीच साधते.

कोणत्याही पद्धतीत आच बंद केल्यावर काही काळ मध्यभाग तापतच राहतो. प्रखर आचेत व जाड तुकडीत ही वाढ काही अंशांची असू शकते. म्हणून ६० अंशांच्या थोडे आधी मासा उतरवून, झाकून, ठेवावा. मात्र सुईने प्रत्यक्ष ६० अंश पाहिल्याखेरीज वाढू नये.

धूर आणि मीठ

धुरावण्याचे दोन प्रकार आहेत आणि घरगुती दृष्टीने त्यांतील भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. उष्ण धुरीत मासा आधी मिठाच्या पाण्यात ठेवून, वाळवून, झाकणाच्या पेटीत आल्डरसारख्या लाकडाच्या भुशावर शिजवितात. फिनलंड व स्वीडनमध्ये ही पेटी घरोघरी आढळते. येथे मध्यभाग ६० अंशांच्या वर जातो; म्हणजे ही शिजविण्याचीच एक रीत होय. शीत धुरीत उष्णतामान सामान्यतः ३० अंशांच्या आत राहते व मासा कच्चाच असतो. स्कँडिनेव्हियातील ‘ग्रावलाक्स’ ही रीतही ह्याच वर्गातली. ह्या नावातील ‘लाक्स’ म्हणजे सॅमन व ‘ग्राव’ म्हणजे पुरणे. पूर्वी मासा खारवून जमिनीत पुरीत असत. आज तुकड्यांवर मीठ, साखर व भरपूर शेपू घालून, वजनाखाली, शीतकपाटात दोन-तीन दिवस ठेवतात. मीठ पाणी बाहेर ओढते, मांस घट्ट व दाट होते आणि पातळ काप काढता येतात.

परंतु ह्या प्रमाणातील मीठ, साखर, धूर वा लिंबू ह्यांपैकी कशानेही अनिसाकिसच्या अळ्या खात्रीने मरत नाहीत. यास्तव असा पदार्थ आधी गोठविलेल्या माशाचाच करावा. दुसरा धोका बोटुलिनम जीवाणूचा. त्याचा ‘ई’ प्रकार जलीय परिसरात आढळतो व प्राणवायूच्या अभावी अवघ्या ३ अंश उष्णतामानातही वाढू शकतो. १९६३ साली अमेरिकेत ग्रेट लेक्समधील धुरावलेल्या, हवाबंद वेष्टनातील माशांमुळे झालेल्या विषबाधेत काही माणसे दगावली, तेव्हा हा धोका ठळकपणे पुढे आला. मांसातील पाण्यात मिठाचे प्रमाण सुमारे ५ टक्के झाल्याखेरीज ह्या प्रकाराची वाढ थांबत नाही आणि घरगुती चवीचे खारवणे बहुधा त्याहून सौम्य असते. म्हणून घरी मुरविलेला वा धुरावलेला मासा हवाबंद पिशवीत आठवडेच्या आठवडे ठेवू नये. थोड्या दिवसांत संपवावा. शीतकपाटात वाढणाऱ्या लिस्टेरिया जीवाणूमुळे गर्भवती स्त्रियांनी असे न शिजविलेले पदार्थ टाळावेत, हेही येथे नमूद करणे अवश्य आहे.

एक धोका मात्र असा आहे की, कोणत्याही पाकक्रियेने तो पुरेसा दूर होत नाही. बाल्टिक समुद्रातील चरबीयुक्त माशांत डायॉक्सिनसारखी प्रदूषके साठतात. ती चरबीत विद्राव्य व उष्णतेला टिकणारी आहेत. स्वीडनच्या अन्नविषयक शासकीय संस्थेने मुलांना व संततिधारणेच्या वयातील स्त्रियांना बाल्टिकमधील ट्राउट व सॅमन वर्षातून दोन-तीन वेळांहून अधिक न खाण्याचा सल्ला दिला आहे. माशाच्या उगमस्थानाची चौकशी हीदेखील स्वयंपाकाचीच पूर्वतयारी होय.

समारोप

वरील विवेचनावरून पद्धतीची निवड कशी करावी ह्याचे एक सूत्र हाती येते. मासा पातळ व पुष्ट असेल तर प्रखर आच व थोडा वेळ. जाड असेल तर मंद आच व अधिक वेळ. कृश असेल तर पाणी, वाफ वा कागद. कच्चा वाढावयाचा असेल तर आधी गोठविणे. ह्या सर्वांचा गाभा ६० व ६५ अंशांमधील अरुंद पट्टा हाच आहे. परंपरागत स्वयंपाकी हा पट्टा अंगठ्याच्या दाबाने, कण्यापासून मांस सुटण्याच्या खुणेने व अनुभवाने ओळखीत आले. त्यांचे अनुमान बहुतेक वेळा बरोबर असे. पण चूक झाली तर ती कोणत्या बाजूला झाली हे त्यांस कळण्याचे साधन नव्हते. आज साध्या सुईच्या उष्णतामापकाने ते कळू शकते.

ह्या काटेकोरपणाला आणखी एक कारण आहे. सागरी ट्राउट हा आता मुबलक मासा राहिलेला नाही. नद्यांवरील बांध, अंडी घालण्याच्या जागांचा नाश आणि अतिरिक्त मासेमारी ह्यांमुळे अनेक ठिकाणी त्याची संख्या घटली आहे. फिनलंडच्या किनाऱ्यावर २०१९ पासून पाठीवरील मेदपर शाबूत असलेला, म्हणजे नैसर्गिक पैदाशीचा, ट्राउट पकडल्यास परत सोडावा लागतो. संवर्धनकेंद्रात वाढवून तो पर कापून सोडलेला मासाच घरी नेता येतो. वेल्समधील कॉरॅकलधारकांची संख्याही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरत चालली आहे. अशा परिस्थितीत हंगामात एखाद-दुसरा मासा घरी येणार असेल, तर तो दहा मिनिटे अधिक शिजवून कोरडा करणे किंवा दहा मिनिटे कमी शिजवून अपायकारक ठेवणे ह्या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. तेवढ्यापुरते मत्स्यशास्त्र, जीवरसायन व उष्णतेचे गणित ह्यांचे ज्ञान स्वयंपाकघरात उपयोगी पडते.